टोपली

नुसतं इंजिन सुरू करायलाच मला अकरा दिवस लागले.
बॅटरी. छोटं इंजिन. मग उजवं मोठं,
काटा पंचवीसवर आला की थ्रॉटल पुढं,
मग डावं.
मध्ये एक स्विच चुकला
की विमान पडद्यावर काळंठिक्कर बसून राही,
धोटा काढून घेतलेल्या मागासारखं.

क्रम लिहून ठेवला टॉवेलच्या हिशोबाच्या वहीत,
मागच्या पानापासून. एकेचाळीस पायऱ्या,
काही मराठीत, काही तेलुगूत,
दोन्हीत न बसलेल्या तशाच.
पुतण्या वेणू पुण्याला नोकरीला गेला
आणि कॉम्प्युटर, जॉयस्टिक, ही खोड
माझ्या गळ्यात टाकून गेला.
अठ्ठावन्नाव्या वर्षी.
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये एकतीस वर्षं जॉबर होतो,
बंद पडलेला माग हात लावून ओळखायचो.
हे यंत्र हातच लावू देत नाही.

नकाशात सोलापूर नाही.
वाळवंट आहे, पण उन्हाचा रंग ओळखीचा.
शत्रूचं क्षेपणास्त्र डावीकडून आलं
तर मला कळतच नाही.
तो कान मागांनी केव्हाच नेला.
वेणू फोनवर म्हणाला, काका, लाल दिवा बघत जा.
तेव्हापासून दिवा बघून मरतो.

एकदा पंचवीस हजार फुटांवर वीज गेली.
विझलेल्या काचेत मीच, हेडफोन लावलेला.
गल्लीत कुणीतरी ओरडलं, गेली!
मी म्हणालो, आता पडलो असणार.

हळूहळू जमत गेलं.
रात्रीचं उतरणं, रडार,
जहाजावरची ती हातभर धावपट्टीसुद्धा.
जमेना ते एकच, हवेत तेल घेणं.
पुढं टँकर, त्याच्या नळीच्या टोकाला टोपली,
माझ्या नाकाशी एक दांडा.
दांडा टोपलीत घालायचा, बस एवढंच.
टोपली वर गेली की मी वर,
मी वर गेलो की ती खाली.
हाताला घाम, मनगटात कळ.
चौसष्ट वेळा हुकलो.
आतली बाई इंग्रजीत थंडपणे सांगते, बिंगो, बिंगो.
म्हणजे तेल संपत आलं, घरी जा.

राजमणी दाराशी पाय पसरून बसलेली,
मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कापलेली पानं.
रोजच्या हजार विड्या, त्यातल्या सहाशे झालेल्या.
तिनं मान वर न करता म्हटलं,
एवढं आवळून धरलं तर पान फाटतं.

मी म्हणालो, हे पान नाही.
ती म्हणाली, दोन बोटांत धरा.
आणि त्या टोपलीकडं कशाला बघताय टक लावून?
मी बघते का पानाकडं?
मग कुठं बघतेस?
टीव्हीकडं, ती म्हणाली. नाहीतर तुमच्याकडं.

दोन बोटांत धरलं.
टँकरच्या पोटावरच्या पांढऱ्या पट्टीकडं बघत राहिलो,
जणू टोपलीशी माझं काही देणंघेणं नाही.
श्वास सोडला.
खट्.
आकडा चढू लागला.
हजार पौंड, दीड हजार, दोन.
मी हललो नाही. बोललो नाही.
मागं तिचा दोरा गुंडाळल्याचा आवाज,
पंचवीस झाल्या की एक बंडल,
तो मला उजव्या कानानं ऐकू येत होता.

टाकी भरली. वहीत पुढची पायरी होती
उत्तरेला वळा, लक्ष्यावर दोन बॉम्ब.
मी वळलो नाही.
ढगांवर त्या मोठ्या विमानामागं
नळीला धरून तसाच चालत राहिलो,
तिच्या हजार होईपर्यंत.

सकाळी कारखान्यात चेकरनं
तिच्या चाळीस विड्या छाटात काढल्या.
घरी येऊन तिनं रिकामं सूप खुंटीला अडकवलं.
मी विचारलं, असं कसं झालं?
काल लक्ष नव्हतं, ती म्हणाली,
आणि भाकरीचं पीठ मळायला बसली.